शू घासले, ओक्के

पालेगाव, अंबरनाथ
५ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप हिरामणमामा यांस, सा. नमस्कार.

काल मला एक प्रश्न विचारला गेला आणि त्याचं उत्तर मला देता आलं नाही. प्रश्न असा होता : "मॅडम, गाडीला प्रॉब्लेम काय आहे?"

मी घरातली पहिली पदवीधर. आनंदनगरच्या कंपनीत क्वालिटी विभागात दिवसभर मालातले दोष शोधते. आणि दोन वर्षं रोज चालवलेल्या स्कूटरला काय होतंय हे मला सांगता येईना. शेवटी मी म्हटलं, "तेच तर तुम्ही बघायचं ना?" शोरूमच्या सर्व्हिस ॲडव्हायझरने, त्याचं नाव धर्मेश, मान डोलावली आणि संगणकात लिहिलं : 'ग्राहकाची तक्रार नाही.'

आता तुम्हाला कळलंच असेल. मोफत सर्व्हिसिंग संपली की गाडी कॅम्प तीनला तुमच्या गॅरेजच्या गाळ्यावर येईल, असं तुम्ही धरून चालला होतात. आईसुद्धा. पण मी ती पुन्हा बदलापूर रोडच्या शोरूमलाच दिली. तुम्हाला दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच सांगावं म्हणून हे पत्र.

रागावू नका. एक तर वाढीव वॉरंटीची अट आहे. दुसरं म्हणजे, तिथे एक व्यवस्था आहे. प्रत्येक कामाची नोंद होते. जॉबकार्डच्या तीन प्रती निघतात : पांढरी ग्राहकाला, पिवळी ऑफिसला, गुलाबी मेकॅनिकला. भिंतीवर सहा प्रशिक्षित तंत्रज्ञांचे फोटो आहेत. वेटिंग रूमला मोठी काच आहे, ग्राहकाला आपली गाडी उघडताना दिसावी म्हणून. सध्या काचेवर आतून दिवाळी ऑफरचं पोस्टर लावलंय, त्यामुळे काही दिसत नाही. पण कल्पना किती चांगली!

तुमच्या हाताबद्दल मला शंका नाही. पण तुम्ही कागद देत नाही. काय केलं विचारलं तर म्हणता, "ओक्के." काय तपासलं, कोणी तपासलं, कशाच्या आधारे, काही नाही. नुसतं ओक्के. असं किती दिवस चालणार, मामा? आपल्या लोकांनी कधीतरी कागदावर यायला हवं.

फोनवर बोलले असते, पण तीस वर्षं इंजिनांच्या शेजारी बसून तुमच्या कानांनी फोनशी बोलणं सोडलंय. म्हणून नेहमीप्रमाणे बाबांच्या पिशवीतून पत्र. बाबा रोज जीन्सच्या कारखान्यात जाताना गाळ्यावर देतील. उत्तर मात्र रिकाम्या डब्यात घालून पाठवू नका. मागच्या पत्राला लोणच्याचं तेल लागलं होतं.

आपली नम्र,
प्राची

---

कॅम्प नं. ३
७ ऑक्टोबर

प्राची बाय,

पत्र भेटलं. तोंडाने मला अरेतुरे करतेस आणि कागदावर आपली नम्र. कागदावर आलो की मी उंच होतो काय?

राग कसला? शेजारचा कापडवाला साईं बोलला, "हिरामण, तेरी भांजी ग्रॅज्युएट हो गई, अब वो तेरे पास काहे को आएगी." मी बोललो, "साईं, तेरा बेटा तेरी दुकान का कपडा पहनता है क्या? मॉल से लाता है ना?" मंग हसला. चहा पण त्यानेच पाजला.

पण एक सांगतो. गाडीचा प्रॉब्लेम गाडीवाल्यालाच माहीत पायजे. ब्रेक किती आत जातो, स्टँडवर चाक फिरवलं तर कुठे घासतं, एवढं बघत जा. पोराला ताप आला तर आईच सांगते ना डॉक्टरला? त्याला पदवी लागत नाय.

बाकी शोरूमचं काम चांगलंच असणार. एवढे फोटो लावलेत म्हणजे काय.

तुझ्या आईला, सखूताईला, एक निरोप. दसऱ्याला गाडीची पूजा करावी, हार घालावा, पण इंजिनच्या झाकणावर ओलं कुंकू थापू नये. तापून डाग बसतो, घासला तरी निघत नाय.

माझं ओक्के चाललंय. दिवाळीमुळे काम लय आहे.

हिरामणमामा

---

पालेगाव
१० ऑक्टोबर

तीर्थरूप मामा यांस, सा. नमस्कार.

गाडी आली. मामा, काय सांगू! आवाज एकसारखा, हँडल सरळ, ब्रेक नुसता बोटाने दाबला तरी लागतो. मागच्या चाकाची ती कुरकुर, जी मला सांगताही आली नव्हती, ती न सांगता गेली. यालाच प्रशिक्षण म्हणतात. ज्या तंत्रज्ञाने हे काम केलं त्याला एकदा भेटावंसं वाटतं. तुम्हीही भेटा. या वयात नवं शिकू नये असं थोडंच आहे?

बिलावर अकरा कामं आणि अकरा बरोबरच्या खुणा. ब्रेक शू पुढचे-मागचे नवीन, एअर फिल्टर साफ, आणि गंजरोधक उपचार. या शेवटच्याचा किस्साच आहे. गाडी देताना धर्मेशने इंजिनच्या झाकणावरचा लाल डाग दाखवला होता. "मॅडम, रस्ट चालू झालंय. आत्ताच थांबवा, नाहीतर पसरेल." मी लगेच हो म्हटलं. घरी येऊन आईला सांगितलं तर ती कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं, ते माझं कुंकू!"

गंमत म्हणजे उपचारानंतरही कुंकू जसंच्या तसं आहे. मी विचार केला, लेप पारदर्शक असणार. आई म्हणते, असेल बाई, आता कुंकवाला गंज चढणार नाही. तुमचा निरोपही तिला सांगितला. अगदी वेळेवर आला होता.

मग शोरूममधून अभिप्रायासाठी फोन आला. दहापैकी किती गुण? मी प्रामाणिकपणे नऊ दिले, एक गुण त्या पोस्टरचा कापला. पाच मिनिटांत दुसरा फोन : "मॅडम, काय चुकलं?" मग तिसरा, खुद्द धर्मेशचा : "मॅडम, आमच्याकडे नऊ म्हणजे नापास." मी त्याला समजावलं की नऊ म्हणजे विशेष प्रावीण्य. तो रडकुंडीला आला. शेवटी दिले दहा. माझ्यामुळे कुणाचं नुकसान नको. पण हे दहा माझ्या मनाला लागून राहिलेत.

आपली नम्र,
प्राची

---

कॅम्प नं. ३
१३ ऑक्टोबर

प्राची बाय,

बिल पुन्हा एकदा वाच. ब्रेक शू नवीन असंच लिहिलंय ना? पुढचे पण आणि मागचे पण?

मंग तू एक काम कर. शोरूमला जा आणि जुने शू माग. पार्ट बदलला तर जुना परत मागायचा गिऱ्हाइकाचा हक्क असतो. भांडू नको, मोठ्याने बोलू नको, नुसते माग. आणि भेटले की इकडे पाठव.

तोवर पुलाच्या उतारावर गाडी हळू घे. का ते विचारू नको. मामा आहे म्हणून सांगतो.

हिरामणमामा

---

पालेगाव
१७ ऑक्टोबर

तीर्थरूप मामा यांस, सा. नमस्कार.

तुमच्या पत्राचा सूर मला जरा खटकला. तुम्हाला शोरूमवर शंका आहे हे मी समजू शकते. नव्या व्यवस्थेची जुन्या कारागिरांना भीती वाटते, यावर आम्हाला कॉलेजात एक धडाच होता. तरीही तुमचा मान राखून गेले.

मी जुने शू मागितले तेव्हा धर्मेशने माझ्याकडे असं बघितलं, जणू हॉटेलात मी उष्टी ताटं मागितली. आत गेला. दहा मिनिटांनी मॅनेजर बाहेर आले, मला कॉफी दिली, परत आत गेले. अर्ध्या तासाने एक पिशवी आली. तिच्यावर माझं नाव, गाडीचा नंबर, तारीख, सगळं छापील चिकटवलेलं. आत चार जुने ब्रेक शू.

आता बोला! मागितले आणि मिळाले. याला म्हणतात व्यवस्था. शू पिशवीसकट बाबांबरोबर पाठवत आहे. स्टिकर काढू नका, पुरावा म्हणून ठेवायचा आहे.

दिवाळीच्या शुभेच्छा. भाऊबीजेला वाट बघतोय. आई करंज्या करतेय.

आपली नम्र,
प्राची

---

कॅम्प नं. ३
१८ ऑक्टोबर

प्राची बाय,

स्टिकर ओक्के आहे. शू तुझ्या गाडीचे नाय.

चारातले दोन मोटरसायकलचे आहेत. एवढे मोठे की तुझ्या स्कूटरला बसवायचे तर आधी चाक बदलायला लागेल. बाकीचे दोन स्कूटरचेच, पण एक एका कंपनीचा, दुसरा दुसऱ्या. तुला भंगाराच्या ढिगातून वेचून दिलेत.

म्हणजे तुझे शू बदललेच नाय. नुसते घासून बसवले असतील. घासलेला शू आठ-पंधरा दिवस लय छान लागतो, मंग एकदम सोडतो.

उद्या रविवार. गाडी ढकलत आण, टेम्पोत टाकून आण, पण आण. आणि भावोजींना सांग, तोवर गाडीला हात लावू नका.

हिरामणमामा

---

पालेगाव
२७ ऑक्टोबर

मामा,

हे पत्र मी तुला 'तू' म्हणून लिहितेय. आज मला तुम्ही म्हणता येत नाही.

आधी माझी चूक. तुझं अठरा तारखेचं पत्र मी बाबांना दाखवलं नाही. दाखवलं असतं तर मी दोन आठवडे मिरवलेली सगळी व्यवस्था खोटी ठरली असती. मी शोरूमला ईमेल केला. उत्तर आलं : 'आपली समस्या आमच्यासाठी महत्त्वाची आहे', आणि दिवाळीनंतर पंचवीस तारखेची वेळ. मी ठरवलं, तोवर हळू चालवू. व्यवस्थेला एक संधी देऊ.

पाडव्याला मी घरात रांगोळी घालत होते. बाबांनी चावी घेतली आणि आईला मागे बसवून फराळ पोचवायला निघाले. नव्या बिल्डिंगच्या उतारावर ब्रेक दाबला आणि तो नुसता आत गेला. समोर रस्ता संपतो तिथे बिल्डरने रस्ताभर वाळू टाकून ठेवलीय, ज्याबद्दल मी ग्रामपंचायतीला दोन अर्ज दिलेत. त्या वाळूने ब्रेकचं काम केलं. बाबांना काही झालं नाही. आईचा उजवा कोपर सोलवटला, चकल्या वाळूत गेल्या.

दुसऱ्या दिवशी तू भाऊबीजेला आलास. आईने डाव्या हाताने ताट धरलं आणि उजवा कोपर पदराखाली ठेवला. मला म्हणाली, "हिरामणला सांगू नकोस, सणाच्या दिवशी त्याच्या जिवाला घोर." तूही काही बोलला नाहीस. मला वाटलं, गाडी आणली नाही म्हणून रुसलास. चार करंज्या खाऊन गेलास.

परवा मी वेळ घेतल्याप्रमाणे शोरूमला गेले. पिवळी प्रत मागितली. मॅनेजर म्हणाले, "ती इंटर्नल असते." मी म्हटलं, आमच्या कंपनीत ऑडिटर आला की आधी इंटर्नलच मागतो. 'ऑडिटर' शब्द ऐकताच धर्मेशने घाईघाईने फाइल काढली. बिचाऱ्याला वाटलं, मीच ती.

पिवळ्या प्रतीवर अकरा खुणा होत्या, एका दमात मारलेल्या, मोराच्या पिसासारख्या एकाच बाजूला झुकलेल्या. आणि खाली बॉलपेनने लिहिलं होतं :

'पुढचे मागचे शू संपत आले. नवीन पाठवा. तोवर शू घासले, वायर आवळली. जास्त दिवस चालवू नये. ओक्के.'

दोन क. मामा, ओके लिहायला दोन क लावणारा एकच माणूस मला माहीत आहे.

मग एकेक आठवत गेलं. सात तारखेला तू लिहिलंस की झाकणावर ओलं कुंकू थापू नये. दसऱ्यानंतर तू पालेगावला आलाच नव्हतास. कुंकू झाकणावर लावलंय हे तुला कसं दिसलं?

ज्या तंत्रज्ञाला मला भेटायचं होतं तो भाऊबीजेला माझ्यासमोर पाटावर बसला होता. मी तुला शिकायचे सल्ले देत होते आणि तू वाचून हसत होतास. हसलास ते ठीक. पण शू बदलले नाहीत हे तेरा तारखेला तुला पक्कं माहीत होतं. 'का ते विचारू नको' असं लिहिण्याऐवजी एक सरळ ओळ का लिहिली नाहीस?

आईच्या कोपराला तुझं गप्प बसणं लागलं आणि माझंही. माझ्या वाट्याचं मी तिला सांगितलंय. तुझ्या वाट्याचं तू सांग.

मी गाडीच्या कंपनीच्या मुख्य कार्यालयाकडे तक्रार लिहायला घेतली आहे.

प्राची

---

कॅम्प नं. ३
२९ ऑक्टोबर

प्राची बाय,

मी स्वतःच तुला एवढी पत्रं लिहिली की तुला माझं अक्षर ओळखता आलं. चूक माझी.

ताईचं मला माहीत नव्हतं. देवाशपथ माहीत नव्हतं. ओवाळताना ताट हललं तेव्हा वाटलं वय झालं तिचं. कोपराला हळद लावा. मी येतो, तिला काय सांगायचं ते तोंडाने सांगतो.

आता सगळं लिहितो. नवीन गाडी बंद पडली की तिला कॉम्प्युटर लावायला लागतो. माझ्याकडे पाने आहेत. त्यामुळे तीन वर्षांपासून गाळ्यावर गिऱ्हाईक येत नाय, टेम्पो येतो. शोरूममध्ये भिंतीवर सहा फोटो आहेत, पाना धरणारे दोन. त्यातला एक पाणी मारतो. बाकीच्या गाड्या सकाळी टेम्पोत घालून माझ्याकडे, संध्याकाळी परत. अट एकच, कुठे बोलायचं नाय. मला ऐकू येत नाय म्हणून त्यांना वाटलं असेल बोलता पण येत नसेल. तसंच मी पण धरून चाललो.

तुझी गाडी सोमवारी आली. टेम्पोतून उतरवतानाच ताईचं कुंकू दिसलं. लय हसलो. मनात बोललो, बघ, भाची शेवटी आलीच मामाकडे, फक्त वळसा घालून. त्या गाडीवर मी दुप्पट वेळ घातला. मागची कुरकुर काढली, ती बिलात पण नाय. शू संपले होते, ते कार्डावर लिहिलं, पिवळ्या-गुलाबी दोन्ही प्रतींवर. नवीन पाठवा लिहिलं. ड्रायव्हर बोलला, "चाचा, अगली बार." पार्ट त्यांचाच लावायचा असा नियम आहे, बाहेरचा लावला की टेम्पो बंद. मला वाटलं, ते तुला सांगतील की शू बाकी आहेत. बिलात नवीन लिहितील हे तुझ्या पत्रातूनच कळलं.

तेरा तारखेला सरळ का नाय लिहिलं? चार वेळा लिहिलं आणि फाडलं. लिहिलं असतं तर तू विचारलं असतंस, मामा, तुला कसं माहीत?

आणि तू एकटी नायस. गुलाबी प्रती मी तारेला खोचून ठेवतो, नाव, पत्ता, मोबाईल नंबर सगळं असतं त्यावर. 'नवीन शू पाठवा' मी कितीतरी कार्डांवर लिहिलंय. एकाचे पण शू आले नायत. तुझ्या पत्रापासून मला ती तार डोळ्यासमोर नको होते. गाळ्यात भिंत एकच, दुसरीकडे कुठे बघू?

पण तक्रार करू नको, बाय. टेम्पो थांबला तर गाळा थांबला. या वयात मी साईंच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालू काय? पाया पडतो असं मामाने भाचीला लिहू नये, म्हणून नाय लिहित.

रविवारी गाडी आण. शू मी आणून ठेवलेत, तुझ्या डोळ्यांसमोर बसवतो.

हिरामणमामा

---

पालेगाव
२ नोव्हेंबर

मामा,

आज सकाळी स्टुलावर बसून मी पहिल्यांदा माझ्या गाडीचं चाक उघडलेलं पाहिलं. जुना शू तू माझ्या हातात दिलास. नखाएवढाही जाड नव्हता. मी आनंदनगरला रोज मायक्रोमीटरने मापं घेते आणि माझ्या पायाखाली हे होतं. तू नवीन शू बसवलेस, मलाच चाक फिरवायला लावलंस, मग कागदाच्या कपट्यावर 'ओक्के' लिहून माझ्यापुढे धरलंस. तेव्हा मी हसले.

मग तू चहाला उठलास. मुद्दाम उठलास का, ते मी विचारणार नाही. साईंकडचा चहा तुला एरवी गाळ्यावरच येतो.

परत आल्यावर तुला तार हलकी दिसली असेल. ज्या गुलाबी प्रतींवर तू 'नवीन शू पाठवा' लिहिलं होतंस, तेवढ्याच मी काढून आणल्या. तेवीस होत्या.

दुपारी जेवून मी फोन करायला बसले. पहिल्याच फोनला मी म्हटलं, "नमस्कार, तुमच्या स्कूटरच्या सर्व्हिसिंगबद्दल बोलायचं होतं," तर ते गृहस्थ म्हणाले, "हो हो, दहापैकी दहा!" आणि फोन ठेवला. त्यांना मला तीनदा फोन करावा लागला. तिसऱ्यांदा म्हणाले, "अकरा देऊ का?"

बदलापूरच्या विष्णुपंतांनी विचारलं, "तुम्ही कोणत्या विभागातून बोलताय?" मी म्हटलं, "स्वयंपाकघरातून." ते निवृत्त मुख्याध्यापक निघाले. बिल शोधून फोनवर परत आले, माझ्याबरोबर एकेक ओळ वाचली आणि म्हणाले, "गंजरोधक उपचार आमच्याकडेही आहे. आमच्या हिने कुंकू झाकणावर नाही, दिव्यावर लावलं होतं." ऋतिका नावाची एक मुलगी रोज भावाला मागे बसवून कॉलेजला सोडते. ती "थँक यू ताई" म्हणाली आणि मागे कुणाला तरी ओरडून सांगितलं, "गाडी काढू नको!" एक कार्ड भिमाबाईंच्या नावावर होतं, त्यांच्या सुनेने मला शिव्या दिल्या. तिला वाटलं मी दुसऱ्या शोरूमची माणूस आहे, गिऱ्हाईक पळवतेय.

म्हणून मी कुणालाच तुझा पत्ता दिला नाही. एवढंच सांगितलं : कुठेही जा, पण चाक तुमच्यासमोर उघडायला लावा आणि शू हातात घेऊन बघा. बघितल्याशिवाय गाडी वापरू नका.

दोन फोन लागले नाहीत. त्या दोन घरी बाबा आणि मी जाऊन आलो. एकाच्या दारात गाडी नव्हती. शेजारणीने सांगितलं, पंधरा दिवसांपूर्वी पडले, पाय प्लास्टरमध्ये आहे, लोक म्हणतात त्यांनाच चालवता येत नाही. मी त्यांना भेटून तुझी गुलाबी प्रत दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि बायकोला हाक मारून म्हणाले, "बघ, मी ब्रेक दाबला होता."

त्यांच्या घरून निघाल्यावर मी शोरूमला फोन केला. रविवार असूनही धर्मेश होता. मी माझं नाव सांगितलं, गाडीचा नंबर सांगितला आणि आज मी कुणाकुणाला काय कळवलं ते सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, याला कंप्लेंट म्हणून टाकू की सजेशन?" मी म्हटलं, "माहिती म्हणून टाका." मग त्याचा आवाज अगदी खाली आला. "मॅडम, त्या कागदांत माझ्या बहिणीची गाडी आहे का हो? गणपतीत दिली होती. एम्प्लॉयी डिस्काउंटमध्ये." मी नंबर विचारला आणि गठ्ठ्यात पाहिला. होती. तिच्याशी मी दुपारीच बोलले होते, तिने भावाला अजून सांगितलं नव्हतं.

तुझं नाव मी कुणाला सांगितलं नाही. पण त्यांना कळेल. गुलाबी प्रती दुसऱ्या कुणाकडे नसतात. उद्या टेम्पो आला नाही तर तो माझ्यामुळे आला नाही असं समज. साईंना काय सांगायचं ते मला माहीत नाही, आईला काय सांगायचं तेही नाही. तू या वयात काय करशील, याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि माझ्या पदवीकडेही नाही.

मुख्य कार्यालयाला लिहायला घेतलेली तक्रारही पूर्ण केली. तिला पिवळ्या प्रतीचा मी काढलेला फोटो जोडलाय. अक्षर तुझं आहे, ते मी झाकलं नाही. त्या अख्ख्या कागदावर खरं तेवढंच आहे.

हे सगळं तुला आधी विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास आणि मी ऐकलं असतं. म्हणून संध्याकाळी अंबरनाथच्या पोस्टासमोरच्या पेटीत तक्रार टाकली, घरी आले आणि मग हे पत्र लिहायला बसले.

तुझी,
प्राची